हळदीच्या मुळावरची गाठ आणि ३०२ चेतापेशी

फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमत, कळमनुरी, औंढा या भागात हळदीची काढणी सुरू होते. गड्डे वेचताना एखाद्या पट्ट्यात वेगळेच चित्र दिसते. मुळांवर मण्यांसारख्या गाठी, खुजे झाड, कंदाला नेहमीची पिवळी चकाकी नाही. त्या पट्ट्याची पाने खरे तर आधीपासूनच पिवळी पडत होती. कोणी म्हणते जमीन थकली, कोणी कंदकूज समजून बुरशीनाशकाची आळवणी केलेली असते. अनेकदा दोष असतो तो सूत्रकृमीचा. जमिनीतली तिची पिल्ले अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही लहान, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत. तरी अंधाऱ्या ओल्या मातीत ती हळदीचे कोवळे मूळ बरोबर शोधून काढतात, आत शिरतात आणि तिथेच बस्तान मांडतात.

डोळे नसलेल्या या जिवाला मूळ सापडते कसे? तोंडाशी असलेल्या मोजक्या चेतापेशी मातीतल्या रसायनांचा वास घेतात, हे त्याचे थोडक्यात उत्तर. पण त्या पेशी तिथे कोणी बसवल्या, अमुक पेशीने वास घ्यायचा आणि तमुक पेशीने स्नायू हलवायचा हे कोणी ठरवले, हा खरा प्रश्न आहे. त्याबद्दल आज जे कळले आहे ते हळदीवरच्या कृमीमुळे नाही, तर तिच्या एका निरुपद्रवी नातेवाइकामुळे. त्याचे शास्त्रीय नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स. आपण त्याला नुसते एलिगन्स म्हणू.

एलिगन्स कुजत्या फळांवर, पालापाचोळ्यात जिवाणू खाऊन राहतो. लांबी १ मिलीमीटर, शरीर काचेसारखे पारदर्शक, अंड्यापासून अंडी घालण्यापर्यंतचा प्रवास साधारण ३ दिवसांचा. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या सिडनी ब्रेनर यांनी १९६३ मध्ये ठरवले की, मज्जासंस्था घडते कशी हे समजून घ्यायचे तर माणूस किंवा उंदीर नको, असा काही जीव हवा ज्याच्या साऱ्या पेशी मोजता येतील. त्यांनी हा कृमी निवडला आणि १९७४ मध्ये त्याच्या जनुकांवरचा पहिला मोठा लेख प्रसिद्ध केला. पुढे जॉन सल्स्टन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून वर्षानुवर्षे बसले आणि एका अंड्यातून कोणती पेशी कधी फुटते, कुठे जाते, तिचे पुढे काय होते याची पूर्ण वंशावळ लिहून काढली. जॉन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी कृमीचे हजारो पातळ काप घेऊन कोणती चेतापेशी कोणाला जोडलेली आहे याचा नकाशा १९८६ मध्ये मांडला. तो लेख ३४० पानांचा होता.

या साऱ्या मोजदादीतून निघालेला आकडा आहे ३०२. एवढ्याच चेतापेशी. प्रत्येक उभयलिंगी एलिगन्समध्ये तेवढ्याच आणि त्याच जागी. अंडे फलित झाल्यापासून सुमारे १४ तासांत पिल्लू बाहेर येते, तेव्हा त्याच्याकडे २२२ चेतापेशी तयार असतात. उरलेल्या ८० पुढच्या दीड-दोन दिवसांत येतात. आपल्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. पण प्रथिने बनवणारी जनुके मोजली तर कृमीकडे सुमारे २०,००० आणि आपल्याकडेही जवळपास तेवढीच. म्हणजे जनुके किती, यापेक्षा कोणते जनुक कोणत्या पेशीत, केव्हा चालू होते आणि केव्हा बंद पडते, यावरच सगळा खेळ आहे.

प्रत्येक पेशीकडे तीच २०,००० जनुकांची पोथी असते. त्यातली कोणती पाने वाचायची हे काही मोजकी ‘मुकादम’ जनुके ठरवतात. त्यांची प्रथिने डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि इतर जनुके चालू-बंद करतात. एलिगन्समध्ये चेतापेशींचे ११८ प्रकार मानले जातात. होमिओबॉक्स नावाच्या गटातली साधारण शंभर मुकादम जनुके या कृमीत आहेत. ओलिव्हर होबर्ट यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवले की, या जनुकांपैकी कोणती चालू आहेत हे पाहिले तर ११८ पैकी प्रत्येक प्रकार वेगळा ओळखता येतो. मिसळणाच्या डब्यात वाट्या सात, पण कोणत्या भाजीला कशाची चिमूट पडली त्यावर चव वेगळी, तसाच हा प्रकार.

एक मुकादम बेपत्ता झाला की काय होते, हे पाहण्यासाठी संशोधक कृमीत जनुकीय बिघाड घडवतात. ब्रेनर यांना धड चालता न येणारे, वेडेवाकडे वळणारे कितीतरी कृमी सापडले. त्यांच्या बिघडलेल्या जनुकांना ‘अंक’ हे आडनाव आणि पुढे क्रमांक मिळाला. ताळमेळ नसणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते लघुरूप. मराठीतल्या अंकाशी त्याचे नाते नाही. अंक-३० बिघडले तर कृमीला स्पर्श केल्यावर तो वळण्याऐवजी दोन्ही बाजूंनी एकदम आखडतो. कारण एका बाजूचा स्नायू आवळताना दुसऱ्या बाजूला ‘सैल हो’ असा निरोप देणाऱ्या १९ चेतापेशी असतात आणि त्यांना त्यांची ओळख अंक-३० देते. पेशी जन्मते, जागेवरही असते, पण आपण कोण हेच तिला कळत नाही.

अंक-८६ ची गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. मार्टिन चॅल्फी आणि सल्स्टन बारीक केस काडीला चिकटवून कृमीला हळूच स्पर्श करत आणि स्पर्श न जाणवणारे कृमी वेगळे काढत. हलका स्पर्श ओळखणाऱ्या पेशी आहेत फक्त ६. अंक-८६ नसेल तर त्या तयारच होत नाहीत. माणसात याच घराण्यातले एक जनुक कानाच्या आतल्या केसपेशी जगवण्याचे काम करते. इस्रायलमधल्या एका कुटुंबात पिढ्यानपिढ्या तरुणपणीच कान जाऊ लागत. १९९८ मध्ये त्याचे कारण सापडले, ते या जनुकातला बिघाड. कृमीला स्पर्श, माणसाला आवाज. दोन्हीकडे मूळ काम एकच, बाहेरचा धक्का ओळखणे.

पेशीला ओळख मिळाली, आता तिने आपला लांब तंतू योग्य दिशेला पाठवायचा. याबाबतीत एक नाव मराठी वाचकाला लगेच उमगेल. कृमीच्या पोटाकडच्या बाजूने अंक-६ या जनुकाचे प्रथिन पाझरते. ज्या तंतूवर अंक-४० चा ग्राहक असतो तो त्याच्याकडे ओढला जातो. अंक-५ चा ग्राहक असेल तर तो त्याच्यापासून दूर, पाठीकडे जातो. हेच प्रथिन १९९४ मध्ये कोंबडीच्या पिलांच्या गर्भात सापडले, तेव्हा त्याला नाव दिले गेले नेट्रिन. वाट दाखवणारा या अर्थाच्या संस्कृत ‘नेतृ’ शब्दावरून. ज्यावरून आपला ‘नेता’ आला, तोच हा शब्द. (हे नेट्रिन मात्र ज्याला जिकडे न्यायचे तिकडेच नेते.) अंक-४० चे मानवी भावंड म्हणजे डीसीसी हे जनुक. त्यात बिघाड असलेल्या काही माणसांना उजव्या हाताने पेन धरले की डावा हातही आपोआप तीच हालचाल करतो. मेंदूतून हाताकडे जाणारे काही तंतू मध्यरेषा नीट ओलांडत नाहीत, म्हणून हे होते. त्याचे कारण २०१० मध्ये कळले. कृमीच्या जनुकाचा अभ्यास त्याआधी निदान वीस वर्षे चालू होता.

तंतू पोहोचला, जोडणी झाली, तरी काम संपत नाही. आणि मला या विषयातली सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट इथे आहे. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाकडे आडव्या बाजूंना सैल करणाऱ्या वरच्या १९ पैकी फक्त ६ पेशी असतात. त्या ६ पेशी पोटाकडच्या स्नायूंना निरोप देतात. काही तासांनी नव्या १३ पेशी जन्माला येतात आणि पोटाकडचे काम हाती घेतात. मग जुन्या ६ पेशी काय करतात? त्या जागा सोडत नाहीत, तंतूही हलवत नाहीत. पोटाकडच्या आपल्या जोडण्या सोडवतात आणि पाठीकडच्या स्नायूंशी नव्याने बांधतात. चालत्या घरात वायरिंग बदलावे आणि दिवा एकदाही विझू नये, असे हे काम. हा बदल केव्हा करायचा, याचे घड्याळ लिन-१४ या जनुकाकडे असते. लिन-१४ बिघडलेले असेल तर पेशी वेळेआधीच उलट्या जोडल्या जातात.

लिन-१४ ला आवर घालते लिन-४. आणि या लिन-४ ने साऱ्या जीवशास्त्राला चकवले. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि सहकाऱ्यांनी ते वेगळे काढले तेव्हा त्यातून प्रथिन बनतच नव्हते. बनत होता तो फक्त २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. गॅरी रव्हकुन यांच्या गटाने दाखवले की हा तुकडा लिन-१४ च्या निरोपाला चिकटतो आणि त्याचे प्रथिन होऊ देत नाही. ही कृमीची एक विचित्र खोड, असे समजून बहुतेकांनी सोडून दिले. सात वर्षांनी असाच दुसरा तुकडा सापडला, आणि तो माशीपासून माणसापर्यंत सगळीकडे होता. आता या तुकड्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. २०२४ चे वैद्यकाचे नोबेल अँब्रोस आणि रव्हकुन यांना त्यासाठीच मिळाले.

महाराष्ट्रातही या कृमीवर काम होते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा चेतापेशीच्या लांब तंतूतून माल कसा वाहतो ते पाहते. पेशीच्या मध्यभागी तयार झालेला माल जोडणीच्या टोकापर्यंत न्यायला सूक्ष्म मोटारी असतात. कृमीतली एक मुख्य मोटार म्हणजे अंक-१०४. जिवंत कृमी पारदर्शक असल्याने हा माल धावताना सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसतो. काही जागी तो तुंबतो, वाहने अडकल्यासारखा, आणि मग पुन्हा सुटतो. अशा कोंडीचा त्यांच्या गटाने अभ्यास केला आहे. मुंबईत बसून कोंडीचा अभ्यास, यात नवल काय म्हणा. माणसात याच मोटारीचे जनुक केआयएफ१ए. ते बिघडले की मुलांमध्ये चालण्यात अडखळणे, पाय ताठर होणे, दृष्टी अधू होणे असे त्रास दिसतात. अशा मुलांचे आईवडील अनेकदा वर्षानुवर्षे एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत असतात, कारण आजाराला नावच मिळालेले नसते. नाव मिळाले म्हणून उपाय सापडतोच असे नाही. पण कोणता बिघाड किती घातक, हे कृमीत तोच बिघाड घडवून तपासता येते.

आता पुन्हा शेताकडे येऊ. कारण जी जनुके मज्जासंस्था बांधतात, त्यांच्याच शेवटच्या टप्प्यावर आपली बहुतेक कृमिनाशके घाव घालतात.

कृमीत आणि माणसात स्नायूंना ‘आवळ’ असा निरोप देणारे रसायन एकच आहे, ॲसिटिलकोलीन. निरोप देऊन झाला की एक विकर त्याचे लगेच तुकडे करते, म्हणून स्नायू पुन्हा सैल होतो. कार्बोफ्युरानसारखे दाणेदार औषध किंवा मोनोक्रोटोफॉससारखे फवारणीचे औषध या विकरालाच जायबंदी करते. निरोप थांबतच नाही, स्नायू आवळलेलाच राहतो आणि कृमी किंवा कीड मरते. प्रयोगशाळेत याच जातीचे ॲल्डिकार्ब नावाचे विष वापरून संशोधकांनी न मरणारे एलिगन्स शोधले. त्यांच्यात काय बिघडले आहे हे पाहून चेतापेशी निरोप कसा सोडते, याची कितीतरी जनुके हाती लागली. विषाला पुरून उरलेल्या कृमीने आपल्याच मज्जासंस्थेचे गुपित सांगितले म्हणायचे.

पण हे विकर दाणे फेकणाऱ्या माणसाच्या अंगातही तेच आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्या वेळी ज्या औषधांची चर्चा झाली, त्यांत मोनोक्रोटोफॉसही होते. तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, उलटी, जुलाब, स्नायू फडफडणे आणि धाप, ही त्या विषबाधेची खूण. असे काही दिसले तर अंगावरचे कपडे काढून त्वचा साबण-पाण्याने धुवावी आणि औषधाच्या डब्यासह माणसाला तातडीने रुग्णालयात न्यावे. ॲट्रोपिन हे इंजेक्शन वेळेत मिळाले तर जीव वाचतो. उघड्या हाताने दाणे टाकणे, तंबाखू मळत फवारणी करणे, या गोष्टी धाडसाच्या नाहीत. त्या हाताला लागलेल्या विषाला थेट चेतापेशींची वाट दाखवतात.

मग माणसाला न दुखवता कृमीलाच मारता येईल असे काही? फरक शोधावा लागतो. आयव्हरमेक्टिन हे त्याचे चांगले उदाहरण. ते कृमीच्या चेतापेशींवरचे अशा जातीचे दार उघडे ठेवते, जे दार माणसात नाहीच. लेव्हामिसोल कृमीच्या स्नायूवरच्या ॲसिटिलकोलीनच्या ग्राहकाला चिकटून राहते आणि जंत आखडून बाहेर पडतो. मुलांच्या पोटातला मोठा गोल जंत वीतभर, कधी त्याहूनही लांब असतो. एलिगन्सच्या शेकडो पट मोठा, पण त्याच्याही चेतापेशी मोजल्या तर भरतात २९८. त्याच्यातही पिल्लूपणी तीच पोटाकडून पाठीकडे जोडण्या बदलण्याची कसरत होते. एक मिलीमीटरच्या जिवावर घेतलेली माहिती पोटातल्या जंतावर का चालते, ते यावरून लक्षात येईल.

जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत दिली जाते ती गोळी अल्बेंडाझोलची. २०१५ पासून हा कार्यक्रम चालतो. मुख्य दिवस १० फेब्रुवारी, वय १ ते १९ वर्षे, मात्रा ४०० मिलीग्रॅम. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी गोळी, चुरून. मोठ्या मुलांनी ती चावून खायची. ही गोळी मज्जासंस्थेवर नव्हे, तर पेशींचा सांगाडा ज्या ट्युब्युलिन या प्रथिनाने बनतो त्यावर काम करते. एलिगन्समध्ये हे औषध बेन-१ या जनुकाच्या ट्युब्युलिनला पकडते, आणि ते जनुक नसलेला कृमी औषधात बिनधास्त जगतो. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांत ट्युब्युलिनमधल्या अशाच लहानशा बदलांमुळे हे औषध अनेक ठिकाणी बोथट झाले आहे. गोठ्यात दर महिन्याला, अंदाजाने, वजन न बघता दिलेली मात्रा हाच बदल पोसते. कमी मात्रेत नाजूक जंत मरतात, चिवट मागे राहतात. मुलांच्या बाबतीत आज ती वेळ नाही. गोळी चुकवण्याचे कारण म्हणून कोणी हे वाचू नये.

वासाच्या पेशींवर एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. एलिगन्सला लोण्यासारखा वास असलेल्या डायअॅसिटिलची ओढ असते. तो वास ओळखणारा ग्राहक एका ठरावीक जोडीच्या पेशींत असतो. १९९७ मध्ये कॉर्नेलिया बार्गमन यांच्या प्रयोगशाळेत तोच ग्राहक दुसऱ्या जोडीत बसवला, जी जोडी एरवी नकोशा वासापासून पळायला लावते. कृमी लोण्याच्या वासापासून पळू लागला. म्हणजे आवड-नावड वासात नव्हती, तो वास कोणत्या पेशीत पोहोचतो यात होती. आणि पळायला लावणाऱ्या त्या पेशीला तिची ओळख लिम-४ हे एक मुकादम जनुक देते. ते काढले तर ती पेशी ओढ लावणाऱ्या पेशीसारखी होते. मुळावर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडाशीही अशाच वास घेणाऱ्या पेशी आहेत. तिला मारण्याऐवजी तिचे नाक चकवता येईल का, हा विचार त्यामुळे नुसता कल्पनाविलास राहिलेला नाही. शेतात मिळेल असे औषध मात्र त्यातून अजून आलेले नाही, आणि तसे सांगून कोणी पुडी विकत असेल तर घेऊ नये.

तोवर जुनेच उपाय कामाचे आहेत. गाठी नसलेल्या शेतातले निरोगी बेणे, लागवडीत निंबोळी पेंड, सूत्रकृमीची अंडी खाणाऱ्या पॅसिलोमायसेससारख्या बुरशी शेणखतात मिसळून, आणि बेवडाला झेंडू. झेंडूच्या मुळांतले एक द्रव्य या कृमीला विषारी असते. पाने पिवळी पडली म्हणून लगेच औषधाच्या दुकानात जाण्यापेक्षा त्या पट्ट्यातली मुळे आणि ओली माती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाला दाखवावी. सूत्रकृमी मातीत किती आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते.

आणखी एक गोष्ट आपल्या हवामानाने फुकट दिली आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू मुळात शिरेपर्यंत काही खात नाही. अंगात साठलेल्या चरबीवर जगते आणि तेवढ्यात मूळ सापडले नाही तर संपते. काढणी मार्चमध्ये उरकते, पुढची लागवड मे-जूनमध्ये. मधल्या एप्रिल-मेच्या उन्हात खोल नांगरट करून, जुनी मुळे वेचून ढेकळे तापू दिली, तर त्यातली बरीच पिल्ले पावसाआधीच मरतात.